बदलीचा माणूस

चैत्र लागला की ज्योतिबा मुकादमाला दरवर्षी एकच घोर लागायचा, तो म्हणजे भैरोबाच्या जत्रेचा. टोळीत बावीस माणसं आणि बावीसच्या बावीस पाटण तालुक्यातल्या एकाच गावची. जत्रेला निघाली की सगळीच निघणार. इकडं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात नेमका त्याच दिवसांत उन्हाळी कांदा उतरायचा, गाळ्यापुढं ट्रकला ट्रक लागायचे, आणि व्यापाऱ्याला भैरोबाशी काही देणंघेणं नसायचं. मग मुकादमानं बदलीची माणसं उभी करायची. ज्याला गावाला जायचं त्यानं आपल्या जागी माणूस द्यायचा, त्या माणसानं आठ-पंधरा दिवस त्याच्या गोण्या वाहायच्या, आणि मूळचा गडी परतला की मोकळं व्हायचं. तीस वर्षांत ज्योतिबानं अशा शेकड्यानं बदल्या लावल्या होत्या. बदलीचा एकही माणूस अडकून पडला नव्हता. बदली देणं हा सरळ माणसांचा व्यवहार आहे अशी त्याची समजूत होती, आणि हीच समजूत पुढं त्याला नडली.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तो गाळ्यातल्या थप्पीपाशी वाकून उभा होता. डोक्यावरून पाठीवर गोणपाटाची खोळ घेतलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. शहाजी थप्पीतली गोणी आकड्यानं ओढून त्याच्या पाठीवर चढवत होता. ही जोडी टोळी सुरू झाली तेव्हापासूनची. पाठीवर गोणी घेतलेल्या माणसाला वरचं दिसत नाही, मागचं दिसत नाही, दिसतात ती फक्त पावलं. गोणी नीट बसली की शहाजी त्याच्या कुशीवर दोनदा थाप मारायचा. ती थाप पडल्याशिवाय ज्योतिबा पाऊल उचलत नसे. एवढ्या वर्षांत त्याच्या पाठीवरून एकही गोणी घसरली नव्हती, त्याचं श्रेय तो शहाजीच्या हाताला द्यायचा.

खिशातला फोन वाजला आणि ज्योतिबा गोणी न घेताच सरळ झाला. नंबर परदेशातला होता.

"पोरीचा हाय," तो शहाजीला म्हणाला आणि गाळ्यामागं सडक्या कांद्याच्या ढिगाकडं धावला.

राजनंदिनी ही त्याची एकुलती मुलगी. बी.कॉम. झालेली, महाप्याच्या एका कॉल सेंटरात तीन वर्षं नोकरी केलेली. ते सेंटर बंद पडलं आणि पोरगी घरात बसली. तेवढ्यात गावाकडचाच राजवर्धन भेटला. त्याचे वडील ह्याच टोळीत गोण्या वाहून म्हातारे झालेले, आणि पोरानं तुर्भ्याला परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस टाकलेलं. थायलंडला कंपनीत काम आहे म्हणाला. आपल्याच मातीतला पोरगा, चौकशी काय करायची? माघात राजनंदिनी गेली. शिरवण्यात ज्या चाळीत ज्योतिबा राहायचा तिचा मालक गोटीराम येत्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत होता. त्यानं फाटकावर भलामोठा फ्लेक्स लावला. 'शिरवणे गावची कन्या परदेशी रवाना, हार्दिक अभिनंदन.' त्यात राजनंदिनीचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि गोटीरामचा माणसाएवढा. सुरुवातीला तिचे दोन-चार फोन आले, मग एकोणीस दिवस काहीच नाही.

"आबा, आजूबाजूला कोणी आहे?"

"न्हाई. बोल की. कुठं हुतीस इतकं दिवस?"

"मधे बोलू नका, तीनच मिनिटं आहेत. आबा, हे थायलंड नाही. बँकॉकला उतरल्यावर गाडीत घातलं, दिवसभर फिरवलं, मग होडीनं नदी ओलांडली. हा दुसराच देश आहे. पासपोर्ट घेतला काढून. गेटवर बंदुका आहेत."

"मंजी?"

"म्हणजे विकलंय मला." ती आवाज न चढवता बोलत होती, त्यामुळं ऐकायला जास्तच वाईट वाटत होतं. "कॉम्प्युटरवर खोट्या नावानं बसायचं. अमेरिकेतली, कुठली कुठली एकटी माणसं हेरायची, गोड बोलायचं आणि लुटायचं. नाही जमलं की मारतात. केनियाची पोरं आहेत, नेपाळची आहेत, चीनची आहेत, आपली तर खूपच. सगळी कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं आलेली."

"गावची जमीन इकतो मी. किती म्हनत्यात?"

"पैसे नकोत त्यांना. माणसं पाहिजेत. एक माणूस आणून दे, तुला सोडतो म्हणतात. आठ दिवस झाले, नावं मागतायत. मी दिलेली नाहीत. आबा, नीट ऐका. इकडं कुणालाही येऊ देऊ नका. कुणी विचारलं तर सरळ सांगा."

"खातीस काय, बाळा?"

"भात. नि उकडलेली कोबी." एवढं बोलून ती थांबली आणि फोन बंद झाला.

तो परत आला तेव्हा शहाजी आकडा खांद्याला अडकवून वाट बघत होता.

"काय म्हनती?"

"बरी हाय," ज्योतिबा म्हणाला आणि वाकला. त्या दिवशी त्यानं नेहमीपेक्षा जास्त गोण्या वाहिल्या. वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडं कुणी बघत नाही, एवढाच त्यात फायदा होता.

रंगूबाईला त्यानं घरी सांगितलं. ती मार्केटातच कांदा निवडायला जायची, बोटं कायम सालपटांनी काळी. ऐकून ती रडली नाही. उठली, पातळ बदललं आणि म्हणाली, "चला. पोलिसात जाऊ."

चौकीत त्यांना दोन तास बाकावर बसवलं. तिथला माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. त्यानं विचारलं, कागद काय आहेत? व्हिसा कुठला? फिरायचा? मग नोकरीचा कागद? स्वतःच्या पायानं गेली ना? पत्ता काय तिथला? ज्योतिबाला एकाही प्रश्नाचं उत्तर धड देता येईना. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर बावीस माणसं कामाला लागत होती, तो माणूस बाकाच्या कडेला टोपी हातात घेऊन 'साहेब, मला इंग्रजी येत न्हाई' असं सांगत बसला. अर्ज लिहून घेतला. दिल्लीला कळवावं लागेल, वेळ जाईल, असं सांगितलं. बाहेर आल्यावर रंगूबाईनं विचारलं, "येळ म्हंजी किती?" ते त्यालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच राजवर्धनच्या ऑफिसात गेला. मारायचंच ह्या इराद्यानं गेला होता, आकडा कमरेला तसाच होता. राजवर्धननं उठून पाया पडून खुर्ची दिली. पाया पडणाऱ्याला मारायचं कसं, हे ज्योतिबाला कळेना.

"काका, टेन्शन नका घेऊ. मला सगळं कळलंय. मी पण फसलोय ह्यात, आईशप्पथ. मी बँकॉकच्या पार्टीला माणसं देतो, त्यांनी पुढं दिली. पण आता शांत डोक्यानं घ्या. पोलिसात गेलात ना काल?"

"तुला कुनी सांगितलं?"

"कळतं काका. आता परत जाऊ नका. तिकडं समजलं तर ते तिला दुसऱ्या कंपनीला देतील, मग मला पण नाही सापडायची." त्यानं चहा मागवला. "हे बघा, त्यांचा हिशेब साधा आहे. माणूस कमी पडायला नको. आपल्या टोळीत नाही का? जत्रेला जायचं तर बदली देऊन जायचं. माझा बाप जायचा तसाच. तुम्हीच लावायचात त्याची बदली. तसंच आहे हे. एक बदली द्या, राजनंदिनीला मी आठ दिवसांत घरी आणतो."

"आन् त्या बदलीचं काय?"

"त्याचा करार संपला की तो येणार. नायतर तो त्याची बदली देईल. असंच चालतं तिकडं."

ज्योतिबा चहा न पिता उठला. जिना उतरेपर्यंत त्यानं मनातल्या मनात राजवर्धनला शंभर शिव्या दिल्या, पण 'बदली' हा शब्द काही डोक्यातून जाईना. राजवर्धन हुशार होता. परका शब्द वापरला असता तर ज्योतिबानं थुंकून टाकला असता. हा त्याच्या घरचा शब्द होता.

घरी त्यानं रंगूबाईला सांगितलं.

"अवं, पन कुनाचं पोर द्यायचं?"

"द्यायचं न्हाई. बदली. परत यील त्यो."

"तुमाला खरं वाटतंय?"

तो पायात चपला सरकवून उठला. बाहेर फाटकावरचा फ्लेक्स उन्हानं भुरकट झाला होता. काढून टाकू म्हणून तो गेला, तर गोटीराम समोर खुर्ची टाकून बसलेला.

"काय मुकादम, पोरीचा फोन येतं ना? आमच्या पोराला, तेजसला पन धारा तिकरं. हितं नुसता बाईकवर फिरतं."

"बगू," ज्योतिबा म्हणाला आणि फ्लेक्सला हात न लावताच घरात आला. काढला असता तर सगळ्या शिरवण्याला कारण सांगावं लागलं असतं. पोरीचं लग्न व्हायचं होतं अजून. विकलेली पोर म्हणून तिच्याकडं कुणी बघावं हे त्याला सोसणार नव्हतं. लाज मोठी वाईट. ती माणसाला गप्प बसवते आणि वर त्याला वाटायला लावते की आपण शहाणपणा केला.

चार दिवसांनी राजवर्धन मार्केटात आला. ज्योतिबाला गाड्यांच्या आडोशाला नेऊन त्यानं मोबाईल समोर धरला. "मला बघवत नाही काका, पण तुम्हाला दाखवायला सांगितलंय त्यांनी."

फरशीच्या मोकळ्या चौकात राजनंदिनी उभी होती. ऊन डोक्यावर. दोन्ही हात बाजूला ताणलेले आणि प्रत्येक हातात पाण्याचा भरलेला कॅन. ज्योतिबाला कुणी वजन सांगायची गरज नव्हती. एका हाताला दहा किलो. हात खाली असते तर जमलं असतं, पण ताणलेल्या हातानं दहा किलो म्हणजे गडी माणूसही दोन मिनिटांत बसेल. पोरगी तीन मिनिटं झाली तरी उभी होती. आधी तिचा डावा खांदा गेला. मग मान वाकडी झाली. मग गुडघे थरथरायला लागले. आता टाक बाळा, आता टाक, असं तो पुटपुटत होता. तिनं कॅन टाकले तेव्हा कडेनं एक माणूस काठी घेऊन आत आला आणि व्हिडिओ संपला.

"टार्गेट झालं नाही की करतात असं," राजवर्धन म्हणाला. "रोजच."

आयुष्यभर त्यानं ओझी वाहिली होती ती पोरीनं कधी वाहू नयेत म्हणून. तो तिथंच हातगाडीच्या दांडीवर बसला.

जत्रा दोन दिवसांवर आली होती. शहाजीनं आपली बदली लावायला सांगितलं नव्हतं. ज्योतिबानं कारण विचारलं तेव्हा तो दुपारची भाकरी सोडून जवळ सरकला.

"औंदा जत्रा नगं. पोराचं बगायचंय." त्यानं आवाज खाली आणला. "शिवतेज राजवर्धनच्या हापिसात जाऊन आला. राजनंदिनीच्या कंपनीत जागा हाय म्हनं. पोरगं पार्सलं वाटत फिरतंय उनातानात. माजी पाठ तर तू बगतोयस. ह्या हमालीच्या बिल्ल्यावर त्याला आनायचं न्हाई मला, मुकादम. माझं हितंच संपू दे."

ज्योतिबा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसला होता.

"राजवर्धनचा मला भरवसा न्हाई," शहाजी पुढं म्हणाला. "त्यो कुनाशीबी गोड बोलतोय. म्हनून तुला इचारतो. तू सांगितलं तर धाडतो, न्हाई तर न्हाई. पोरगी सुकात हाय न्हवं?"

सरळ सांगा, असं राजनंदिनी म्हणाली होती. तोंडाशी आलंही होतं. पण डोळ्यांपुढं तो चौक उभा राहिला आणि ताणलेले हात. आठ दिवसांचा तर प्रश्न. पोरगी सुटली की तिच्याकडून पत्ता कळेल, पत्ता कळला की पोलीस, दिल्ली, सगळं हलवता येईल, शिवतेजला आपणच सोडवून आणू. गडी माणूस आहे, तगेल. बदलीचा माणूस परत येतोच. हे सगळं त्याच्या मनात एका दमात फिरलं, आणि ते फिरताना आपण खोटं बोलतोय हेही त्याला कळत होतं.

"हाय," तो म्हणाला. "सुकात हाय."

शहाजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बास. तुझा शबूद हाय, मंग काय बगायचं?"

पाचव्या दिवशी शिवतेज निघाला. विमानतळावर जाण्याआधी आशीर्वाद घ्यायला शिरवण्याला आला. नवा शर्ट, पायात नवे बूट, केसांना तेल. तेवीस वर्षांचं पोर, लहानपणी राजनंदिनीबरोबर ह्याच अंगणात खेळलेलं.

"काकू, दीदीला काय द्यायचंय का?"

रंगूबाई आत गेली. सकाळपासूनच तिनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती. निळ्या झाकणाच्या डब्यात दाबून भरली, वर लसणाच्या चार कुड्या ठेवल्या, फडक्यात गाठ मारली. तिला सगळं ठाऊक होतं. पण पोटची पोर दोन महिने उकडलेली कोबी खातेय, हेही तिला ठाऊक होतं, आणि तिचे हात त्या एकाच गोष्टीच्या मागं लागले होते.

"ही तिला दे," ती म्हणाली. "तिच्याच हातात दे. आन् जपून जा, बाळा."

शिवतेज पाया पडला. गोटीरामनं फाटकात त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. रिक्षा गेल्यावर रंगूबाई उंबऱ्यात बसली.

"डबा देताना माज्या हाताला काय झालं न्हाई," ती म्हणाली. "झडायला पायजे हुता."

त्यानंतर ती ज्योतिबाशी कामापुरतंच बोलायची. आठ दिवस झाले. राजवर्धन म्हणाला, कागद होतायत. दहावा दिवस झाला आणि त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं, फोन लागेना. रंगूबाई रोज सकाळी पोरीची गादी उन्हात टाकायची आणि संध्याकाळी झटकून आत आणायची. टोळी जत्रेहून परतली, गुलाल लागलेले सदरे घालून कामावर आली. बदलीची सगळी माणसं हात झाडून आपापल्या वाटेनं गेली.

बाराव्या दिवशी, टेम्पो भरताना, फोन वाजला. ज्योतिबा परत त्याच सडक्या ढिगापाशी गेला.

"आबा, शिवतेज आलाय."

ज्योतिबानं फोन कानाला घट्ट धरला.

"आठ-दहा दिवस दुसरीकडं ठेवला होता, काल इकडं आणला. मला वाटलं राजवर्धननं परस्पर गाठला असेल. तुम्हाला माहीतच नसेल. मग त्यानं बॅगेतून डबा काढला. निळ्या झाकणाचा. काकूनं तुझ्या हातात द्यायला सांगितलाय म्हणाला."

"नंदे, तुला सोडत्यात म्हनला त्यो. बदली दिली की..."

"कुणालाच सोडत नाहीत, आबा. नाव काढून घ्यायला तसं म्हणतात. मी मार खाल्ला तो कशासाठी? एक नाव नाही दिलं मी. एक नाही. आणि तुम्ही घरातून डबा देऊन माणूस पाठवलात."

गाळ्यात कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारत होतं. ज्योतिबानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"तो शेजारीच बसलाय. रडतोय. सारखं विचारतोय, काकांना माहीत होतं का. मी त्याला काय सांगू?"

ज्योतिबाला एकदा वाटलं, नाही म्हणावं. निदान तिथं त्या पोराच्या मनात तरी आपण चांगले राहू. पण नाही म्हटलं तर ते खोटं आता तिला बोलावं लागलं असतं, आणि तिनं तर पाठीवर वळ घेऊन खोटं टाळलं होतं.

"खरं सांग," तो म्हणाला.

फोन कधी बंद झाला ते त्याला कळलं नाही.

परत आला तेव्हा शहाजी थप्पीपाशी गोणीला आकडा लावून उभा होता.

"पोरीचा व्हय?"

"व्हय."

"आमचं गाबडं भेटलं का तिला?"

"भेटलं."

शहाजीचा सगळा चेहरा हसला. "आरं बारा दिस झालं, नुसता एक फोटू धाडला त्यानं इमानतळावरनं. त्याची आई जेवत नव्हती. आता राजनंदिनी हाय म्हनल्यावर काळजी न्हाई. आपलं मानूस जवळ असलं की झालं. चल, वाक."

ज्योतिबा वाकला. हात गुडघ्यांवर टेकले. शहाजीनं हुंकार देऊन गोणी ओढली, त्याच्या पाठीवर चढवली, एकदा डावीकडं सरकवली, एकदा वर. पन्नास किलो कांदा मानेखाली नीट बसला. आता खाली फक्त फरशी, सालपटं आणि शहाजीची पावलं. शहाजीच्या स्लिपरचा अंगठा तुटून तारेनं बांधलेला होता. नवे बूट पोराला घेतले होते. ज्योतिबाला वाटलं, तोंडाकडं बघून हे आपल्याच्यानं कधीच बोलवणार नाही.

"शहाजी," तो फरशीकडं बघत म्हणाला, "तिथं नोकरी न्हाई. कैद हाय. राजनंदिनीला इकलंय तिथं. आता शिवतेजलाबी."

स्लिपर हलल्या नाहीत.

"तू इचारलंस तवा मला ठावं हुतं."

मागं टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कुणीतरी म्हणालं, काय झालं रे, चला की. कुशीवरचा शहाजीचा हात अजून तसाच टेकलेला होता, गोणी धरून. ज्योतिबा थापेची वाट बघत राहिला. मग तो हात निघाला. आकडा फरशीवर पडल्याचा आवाज आला. तारेनं बांधलेली स्लिपर वळली, दुसरी वळली, आणि दोन्ही सावकाश मार्केटच्या फाटकाकडं निघून गेल्या.

थाप काही पडली नव्हती. ज्योतिबा गोणी पाठीवर घेऊन तिथंच वाकून उभा राहिला.